पावसाळी पिलांना औषधाचं खाद्य की साधं?

पावसाळ्यात कोंबडीची पिलं टाकायची ठरली की दुकानात पहिला प्रश्न येतो, स्टार्टर म्हणजे पिलांचं सुरुवातीचं खाद्य औषधाचं घ्यायचं की साधं? शिरपूरकडच्या आमच्या मळ्यात मी दोन्ही वापरून पाहिली. दोन्हींवर पिलं मोठी झाली, म्हणून कुणाला वाईट म्हणणार नाही.

औषध म्हणजे इथे रक्ती हगवणीचं (कॉक्सिडिओसिसचं), आणि मी बोलतोय ते अँप्रोलियमबद्दल. ते अँटिबायोटिक नव्हे. हगवणीच्या परजीवीला वाढायला बी-१ जीवनसत्त्व लागतं. अँप्रोलियम त्याच्यासारखंच असल्याने त्याची वाट अडवतं. खाद्यातल्या मात्रेने लागण पुरती थांबत नाही, थोडी होत राहते आणि त्यातूनच पिलाची प्रतिकारशक्ती तयार होते. हे खाद्य चालू असताना पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स सोडू नका, त्यातल्या बी-१ मुळे औषधाचा जोर कमी होतो. दुसरी चूक आपल्याकडे सर्रास होते. गोणी पुरावी म्हणून निम्मा मक्याचा नाहीतर दादर ज्वारीचा भरडा मिसळतात. मग औषधही निम्मंच पोटात जातं, आणि आपण मात्र निर्धास्त असतो.

साध्या खाद्याची बाजू लंगडी नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराच्या पिलांना मी साधंच देतो. तेव्हा पारा ४४-४५ वर असतो, पिलांखाली अंथरलेला तूस खणखणीत कोरडा असतो, आणि ओलीशिवाय या रोगाची बीजं पिकत नाहीत. खुडूक कोंबडीखाली निघालेल्या चार-दहा पिलांनाही औषधाची गरज मला वाटली नाही. आईमागे उकिरडा उकरता उकरता ती थोडी थोडी लागण पचवतात. हॅचरीत रक्ती हगवणीची लस दिलेली पिलं असतील तर साधंच खाद्य हवं. त्या लशीत जिवंत परजीवी असतात, औषधाने लस वाया जाते. लासोटा (राणीखेत रोगाची) आणि गंबोरो रोगाच्या लशींना ही अडचण नाही.

पण पावसाळ्यात शंभर पिलं साध्या खाद्यावर ठेवली, त्या वर्षी एका गोष्टीने मला थकवलं. रोज सकाळी बॅटरी घेऊन विष्ठा बघत बसणं. निरोगी पिलूसुद्धा मधूनच चॉकलेटी, पातळ विष्ठा टाकतं. कधी त्यात आतड्याच्या अस्तराचे लालसर धागे असतात, तेही काही वेळा साधंच असतं. मग हे रक्त की अस्तर? तिसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत रोज हाच घोर. दोनदा घाबरून उगाच पाण्यातून औषध दिलं. तिसऱ्या वेळी वाटलं, अस्तरच असेल. माय दारातूनच म्हणाली, "पिलं गुपचूप बठेल शेतस." पंख फुलवून कोपऱ्यात दाटलेली होती. दुपारपर्यंत तुसावर रक्त स्पष्ट दिसलं. लागण झाल्यावर रक्त दिसायला चार-पाच दिवस जातात, म्हणजे मी बघत होतो तेव्हा आतडं आधीच सोललेलं होतं. पाण्यातून औषध दिलं, बरीच वाचली, अठरा गेली. वाचलेल्यांतलीही काही शेवटपर्यंत खुरटीच राहिली.

पुढच्या पावसाळ्यात औषधाचं खाद्य दिलं. मरतूक झाली, पण रक्ती हगवणीने एकही गेलं नाही. एकदोन बॅचवरून छातीठोक सांगणं बरं नव्हे, तूसही त्या वर्षी मी जास्त सांभाळला असेल. पण सकाळचा तो घोर गेला, आणि कापसाच्या निंदणीच्या दिवसांत मला तेवढंही पुष्कळ होतं.

घेताना गोणीवर औषधाचं नाव वाचा. काही ब्रॉयलर स्टार्टरमध्ये अँप्रोलियमऐवजी सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असतं. ते घोड्याच्या जिवावर बेततं. सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणून गोठ्यात बांधलेल्यांनी उरलेलं खाद्य तिच्या तोंडाला लागणार नाही इतकं दूर ठेवावं. बैलांनाही घालू नये.

उन्हाळ्यात थोडी पिलं पाळणार असाल तर साध्यावर भागेल. आषाढ-श्रावणात पन्नासच्या वर टाकणार असाल तर माझा कल औषधाच्या गोणीकडे आहे. यंदाही तीच आणली आहे. सहा आठवडे ती, मग साधं ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिलांचं खाद्य. आणि पाण्याच्या ड्रिंकरखालचा ओला तूस रोज संध्याकाळी घमेल्यात भरून बाहेर, त्यातून मात्र कुठल्याच गोणीने सुटका केलेली नाही.