बेदाणा शेडवरचे न घसरणारे गमबूट: सात महिने वापरून

आमची बेदाण्याची शेड तासगाव तालुक्यात. मागच्या हंगामात डिपिंगच्या (सुकवण्याआधी द्राक्षं बुडवायच्या) टाकीपासून चार पावलांवर मी भरल्या क्रेटसकट आपटलो, मनगट महिनाभर प्लॅस्टरमध्ये. त्या पाण्यात शंभर लिटरला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल असतं. बोटांत चोळून बघा, साबणच. ते कोब्यावर सांडलं की चप्पल कुठे धरणार? म्हणून यंदा जानेवारीत नायट्रिल रबराच्या तळव्याचे पाच जोड आणले, साडेनऊशेला एक.

पकड खरंच चांगली आहे. तळव्याच्या खाचा खोल आणि कडेपर्यंत उघड्या, त्यामुळे पाय टेकला की खालचं पाणी बाजूला पळतं. माझे जुने पीव्हीसीचे गमबूट त्याच जागी स्केटिंग करायचे. पण तिसऱ्याच दिवशी दुपारी एक पोरगा नवे बूट घालून घसरला. तळवा उलटा करून पाहिला तर खाचांत चेंगरलेले मणी आणि देठ गच्च बसलेले, म्हणजे तळवा सपाटच झालेला. तेव्हापासून टाकीच्या पाइपला सुतळीनं एक राठ ब्रश बांधलाय. चहाच्या सुट्टीत सगळ्यांनी तळवे घासायचे.

मापाचा मात्र घोळ. सगळ्यात लहान नंबर पाच, आणि शेडवर निम्म्याहून जास्त कामाला बायका. "दादा, ह्यात मी आन् माझी सून दोघी मावू," एक मावशी म्हणाल्या. दोन-दोन मोजे घालून बघितलं, पण सैल बुटात पाय अडखळतो तो वेगळाच. मार्चच्या उन्हात आत घाम साचून बोटांच्या बेचक्यात चिखल्याही झाल्या. रात्री बूट उलटे टांगून ठेवायला लागल्यावर कमी झाल्या.

सोबत पाय घसरू नये म्हणून चिकटवायची खरखरीत पिवळी पट्टीही घेतली होती. ओल्या कोब्यावर आठ दिवसांत निघाली, लोखंडी शिडीच्या पायऱ्यांवर अजून टिकून आहे.

खरा फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीनं. मेहुणे कुपवाड एमआयडीसीत कामाला आहेत. ते म्हणाले, २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३२ मध्ये पहिल्यांदा जमिनीचंच यायचं: वाटेत अडथळा नको, पाय घसरेल असं काही सांडलेलं नको. आमची शेड काही कारखाना नाही, पण मी एक सकाळ नुसता उभा राहून बघितलं. टाकी गळत नव्हती. टाकीपासून रॅकपर्यंत प्रत्येक क्रेट ठिबकत जात होतं. वेल्डरकडून टाकीच्या तोंडावर अँगलचा उतरता स्टँड करून घेतला. क्रेट दोन मिनिटं तिथं निथळतं, पाणी परत टाकीत. वाट बरीच कोरडी राहायला लागली, आणि औषधही वाचलं. हे आधी सुचलं असतं तर बूट कदाचित दोनच जोड घेतले असते.

हंगाम संपल्यावर तेच बूट गोठ्यात चाललेत. एका जोडाची घोट्याजवळ चीर गेली, माझ्या टाचेच्या खाचा झिजल्यात. या किमतीत तक्रार नाही. पण दोन जोड मावशींच्या मापाचे नाहीत म्हणून खोक्यातच पडून आहेत. घालून बघितलेले म्हणून दुकानदार परत घेत नाही.

तीन-चार नंबरचे असले बूट सांगली-मिरजेत कुणाला मिळाले असतील तर दुकान सांगा. फेब्रुवारीच्या आत तीन जोड हवेत.