डिजिटल सातबारा : १५ रुपयांचा उतारा

महसूल विभागाच्या ‘महाभूमी’ संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडून १५ रुपये भरले की डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उतारा मिळतो, आणि त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का नसला तरी तो शासकीय व कायदेशीर कामांसाठी ग्राह्य धरला जातो. पीककर्जाच्या हंगामात तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या घातलेल्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. उताऱ्यावरील पडताळणी क्रमांकामुळे बँकेलाही त्याची खातरजमा करता येते, हा भाग मला सर्वांत उपयुक्त वाटला. ‘महाभूलेख’ या शासनाच्याच दुसऱ्या संकेतस्थळावरची विनामूल्य प्रत केवळ पाहण्यापुरती असते. वारसनोंद मात्र फेरफार (जमिनीवरील हक्क बदलल्याची नोंद) मंजूर झाल्याशिवाय उताऱ्यावर येत नाही, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी फेरफाराची स्थिती पाहून घ्यावी.