धाप लागलेल्या माणसासाठी घरी काय आणावं: ऑक्सिजन मशीन, सिलिंडर की हातातला पंखा?

"सिस्टर, मशीन आजच आणू का?" शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाच्या घरी गेले की हा प्रश्न मला दारातच गाठतो. आत आजोबा पलंगाच्या कडेला बसलेले असतात. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, प्रत्येक श्वासाला खांदे वर चढतायत. बघणाऱ्याचाच जीव कासावीस होतो, आणि काहीतरी विकत आणल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

मी आधी ऑक्सिमीटर लावते, म्हणजे बोटाला चिमट्यासारखं लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं छोटं यंत्र. धाप लागणं आणि रक्तातला ऑक्सिजन कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मला स्वतःला पटायलाही बरीच वर्षं लागली. आकडा ९६ असताना माणूस गुदमरल्यासारखा होतो, तर ८५ असलेला दुसरा निवांत पेपर वाचत बसलेला असतो. बोट गार असेल किंवा नखाला नेलपॉलिश असेल तर आकडा फसवतो. म्हणून बोट चोळून गरम करा, आकडा स्थिरावू द्या, मग वाचा.

बसल्याजागी आकडा ८८ किंवा त्याखाली राहत असेल तर ऑक्सिजनबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला. १९८१ साली ब्रिटनमधल्या एका चाचणीत, रक्तातला ऑक्सिजन फार खाली गेलेले सीओपीडीचे (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या फुप्फुसाच्या आजाराचे) रुग्ण रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेतल्यावर जास्त जगले. पण आकडा चांगला असूनही धाप लागणाऱ्यांचं काय? २०१० साली अशाच २३९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना नाकातल्या नळीतून मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन दिला, बाकीच्यांना तशाच नळीतून खोलीतली साधी हवा. सात दिवसांनी दोन्ही गटांना थोडं बरं वाटत होतं, आणि जवळपास सारखंच. जो फरक पडला तो बराचसा पहिल्या तीन दिवसांतच दिसला.

त्यामुळे आकडा चांगला असेल तर मशीन विकत घेण्याची घाई करू नका, असं मी स्पष्ट सांगते. डॉक्टरांनी सुचवलंच तर भाड्याने आणा, तीन दिवस लावा आणि रुग्णाला विचारा, "धाप कमी वाटते का?" उत्तर नाही असेल तर परत करा.

खरोखर ऑक्सिजन लागणार असेल तर मशीन की सिलिंडर? रोज तासन्‌तास लावायचा असेल तर माझं मत मशीनच्या, म्हणजे कॉन्सन्ट्रेटरच्या बाजूने आहे. ते खोलीतल्या हवेतला नायट्रोजन गाळून ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन देतं, भरून आणावं लागत नाही. सिलिंडरचं गणित करून बघा: १५०० लिटरचा सिलिंडर २ लिटरच्या वेगाने साडेबारा तास पुरतो, ५ लिटरच्या वेगाने जेमतेम पाच. म्हणजे घरातलं एक माणूस कायम सिलिंडरच्या मागे. पण मशीन विजेवर चालतं, खोली तापवतं आणि रात्रभर घरघरतं. त्या आवाजाने रुग्णाची आणि उशाशी झोपणाऱ्याची झोप मोडते. मशीन शेजारच्या खोलीत ठेवून लांब नळी आत आणली की बराच फरक पडतो, फक्त त्या नळीत कुणाचा पाय अडकणार नाही हे बघा. वीज जाणाऱ्या घरात भरलेला एक सिलिंडर राखीव हवाच. मशीनचं फिल्टर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून परत लावा.

दोन्हींसाठी काही नियम सारखे. सिगारेट, मेणबत्ती, पेटती शेगडी जवळ नको. कोरड्या नाकाला व्हॅसलीन लावू नका, पाण्याचा अंश असलेलं क्रीम लावा. आणि लिटर आपल्या मनाने वाढवू नका. सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. त्यांच्यासाठी डॉक्टर आकडा सहसा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवायला सांगतात.

आता पंखा. मशीनपुढे तो किरकोळ वाटतो, पण आकडा चांगला असलेल्या रुग्णासाठी मी सगळ्यात आधी तोच हातात देते. २०१० सालच्याच दुसऱ्या एका चाचणीत ५० रुग्णांनी हातातल्या छोट्या पंख्याचा वारा पाच मिनिटं चेहऱ्यावर घेतला आणि पाच मिनिटं पायावर. चेहऱ्यावर घेतल्यावर धाप कमी झाली. गाल, नाक, ओठ इथल्या नसांना गार झुळूक लागली की मेंदूपर्यंत पोचणारी घुसमट कमी होते. पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरा. रुग्णाला टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कोपर टेकवून पुढे वाकू द्या, आणि श्वास ओठ चंबूसारखे करून सावकाश सोडू द्या. शिवाय पंख्याचं बटण रुग्णाच्याच बोटाखाली असतं. मध्यरात्री जाग आली तर कुणाला हाक मारावी लागत नाही, आणि तेवढ्यानेच भीती बरीच उतरते.

एवढं करूनही बसल्याजागी धाप राहिली तर डॉक्टर थोड्या मात्रेत मॉर्फिन सुचवतात. त्याने श्वास बंद पडेल अशी धास्ती घरोघरी असते. डॉक्टरांनी ठरवलेल्या लहान मात्रेत, लक्ष ठेवून दिलं तर असं सहसा होत नाही. त्याचा उपयोग मात्र सगळ्यांना सारखा होत नाही: २००३ च्या एका छोट्या चाचणीत धाप कमी झाली, २०२२ मध्ये सीओपीडीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत फारसा फरक दिसला नाही. मूत्रपिंड अधू असेल तर ते आधी सांगा, आणि पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवसापासून मागून घ्या. फुप्फुसाभोवती पाणी, रक्त कमी होणं, जंतुसंसर्ग यांनीही धाप वाढते. ते तपासायचं राहिलंय का, हेही विचारा.

अगदी शेवटच्या दिवसांत रुग्ण मास्क सारखा ओढून काढतो आणि घरचे तो सारखा परत बसवतात. तेव्हा त्याचा चेहरा बघा. कपाळाला आठ्या नाहीत, नाकपुड्या फुलत नाहीत, तो शांत पडलाय असं दिसलं तर ऑक्सिमीटर बाजूला ठेवा, मास्क काढायचा का हे डॉक्टरांना फोन करून विचारा, आणि ओल्या कापसाने त्याचे सुकलेले ओठ टिपा.