अल्फा डायरेक्टचं फ्लीस: चालताना राजा, बसल्यावर बिनकामाचं

आधीच सांगून टाकतो, टेंटबाहेर बसून गप्पा मारायला काहीतरी उबदार हवंय म्हणून हे घेणार असाल तर घेऊ नका, त्यापेक्षा घरातला जुना लोकरीचा स्वेटर शंभर पटीने बरा. हे चालताना घालायचं फ्लीस आहे, म्हणजे पॉलिस्टरच्या मऊ केसाळ कापडाचा स्वेटरसारखा कपडा. पोलारटेक कंपनीचं अल्फा डायरेक्ट नावाचं कापड, ९० जीएसएमवालं, म्हणजे चौरस मीटरला ९० ग्रॅम, आणि त्याची शिवलेली हुडी. ना चेन ना खिसे. माझी मीडियम साइज किचनमधल्या वजनकाट्यावर १३० ग्रॅमच्या आसपास भरली, आणि दुकानात मिळतं ते नेहमीचं जाडसर फ्लीस सहज याच्या दुप्पट-अडीचपट असतं. कोणाकडून घेतलं ते मुद्दाम लिहीत नाहीये कारण बरेच छोटे छोटे ब्रँड हेच कापड वापरून शिवतात आणि सगळा खेळ त्या कापडाचाच आहे.

कापड दिसायला विचित्र आहे. मधे नुसती जाळी आणि त्या जाळीतून दोन्ही बाजूंना बाहेर आलेले केसाळ झुपके, ट्यूबलाइटसमोर धरलं तर आरपार दिसतं, आमच्या मातोश्रींनी पार्सल उघडल्यावर पहिला प्रश्न विचारला की एवढे पैसे देऊन विरलेलं का आणलंस. तोंडाला लावून फुंकर मारा, पलीकडे तळहातावर हवा लागते. हीच त्याची खुबी आणि हाच त्याचा प्रॉब्लेम. अल्फा हे मुळात अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेससाठी बनवलं होतं, पळापळ करतानाही अंगावर राहील आणि थांबल्यावरही काढघाल करायला लागू नये म्हणून, तेव्हा ते दोन कापडांच्या मधे भरायचे, नंतर आतलं अस्तर काढून थेट अंगाला लागेल असं केलं ते हे डायरेक्ट.

आता आपल्याकडे कशाला पाहिजे हा प्रश्न रास्त आहे. सह्याद्रीत मुळात थंडी किती आणि किती महिने! पण डिसेंबर-जानेवारीत कळसूबाईचा नाइट ट्रेक केलेल्यांना विचारा. पायथ्याच्या बारी गावातून निघताना गारठा म्हणून सगळे कॉटनची हुडी चढवून निघतात, पहिल्या चढाला घाम फुटतो, शिड्यांपर्यंत पाठ चिंब, आणि मग १६४६ मीटरवर देवळापाशी सूर्योदयाची वाट बघत उभं राहिलं की तोच ओला कपडा वाऱ्यात अंगाला चिकटतो आणि दातावर दात. कॉटन पाणी धरून ठेवतं, पॉलिस्टर जवळपास पीतच नाही, एवढं साधं आहे ते. या फ्लीसमधे घामाची वाफ आत कोंडतच नाही, पाठीवर सॅक टेकते तेवढा भाग ओला होतो बाकी नाही, आणि तो पण सॅक उतरवून चहा घेईपर्यंत निम्मा सुकलेला असतो.

हिमालयात तर फरक अजून जाणवतो. केदारकंठाच्या समिट पुशला, म्हणजे शिखराकडच्या शेवटच्या चढाईला, मध्यरात्रीनंतर अंधारात निघालो तेव्हा ग्रुपमधले बरेचसे जण भरभक्कम डाउन (आत पिसं भरलेलं) जॅकेट घालून चालत होते, अर्ध्या तासात चेन उघड, मग काढ, सॅक उतरव, आत कोंब, पुढच्या वळणावर वारा आला की परत घाल. आणि डाउन घामाने दमट झालं की पिसं बसतात, ऊब गेली. मी आत पातळ सिंथेटिक टीशर्ट, वर हे, आणि सॅकच्या वरच्या खिशात विंडचीटर, वारा लागला की तेवढा अडकवायचा. हा विंडचीटर मात्र मस्ट आहे, पातळवाला, जाड रेनकोट नको कारण मग वाफ परत आत अडकणार. वाऱ्यात नुसतं हे घालून उभं राहिलात तर काही घातलंय असं वाटतच नाही, खरंच. विंडचीटर चढवला की दोन मिनिटात आत ऊब धरते, एवढ्याशा चिंधीकडून ती अपेक्षा नव्हती. थांबल्यावर घालायला डाउन लागतंच, ते याने वाचत नाही.

आता रडगाणं. टिकाऊपणा यथातथाच. करवंदाच्या जाळीतून घुसणार असाल तर हे सॅकमधे टाका आणि मगच घुसा, काटा कापडाच्या जाळीत अडकतो आणि ओढला की धागाच बाहेर येतो. ग्लोव्हजच्या वेल्क्रोने बाहीवर छान टक्कल पाडून ठेवलंय. खांद्यावर सॅकचे पट्टे घासतात तिथे गोळे आलेत. शेकोटीची ठिणगी पडली तर भोक पक्कं, पॉलिस्टर आहे शेवटी. वासही धरतं, दोन दिवस सलग घातलं की टेंटमधले पार्टनर सांगतातच. धुवायचं गार पाण्यात, हलक्या हाताने, सॉफ्टनर अजिबात नको, आणि मशिनला लावायचं तर जाळीच्या पिशवीत घालून. सावलीत लटकवलं की भराभर सुकतं.

आणि किंमत. बाहेरून मागवायचं, वर शिपिंग, वर कस्टम्स, एवढ्यात साध्या फ्लीसचा ढीग येईल. म्हणून वर्षातून एखादा हिमालयन ट्रेक आणि थंडीत चार-दोन किल्ले एवढंच असेल तर स्पोर्ट्सच्या दुकानातलं पाचशे-हजारवालं पातळ १०० जीएसएमचं फ्लीस घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या विंडचीटरवर घाला. मधला पर्याय म्हणजे आतून चौकटी चौकटी असलेलं ग्रिड फ्लीस, थोडं जड पण काट्याकुट्यात टिकतं, चेन असते ती उघडून हवा घेता येते, सह्याद्रीसाठी मी कोणालाही तेच सांगीन. हे अल्फा घ्यायचं ते धो धो घाम येणाऱ्यांनी आणि सॅकचं वजन ग्रॅमवर मोजणाऱ्यांनी. मी दोन्हीत बसतो, त्यामुळे पुढच्या वेळी पण हेच घेईन, फक्त ९० ऐवजी १२० जीएसएमवालं. साइज अंगाबरोबरची घ्या, ढगळ घेतलंत तर खालून वारा शिरतो.