पेटी आरटीएक्स ३०६० ची, आत कार्ड २०११ चे: माझे १८,५०० रुपये कसे गेले

गेल्या महिन्यात आरटीएक्स ३०६० हे जुने ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग, विकत घेताना पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपासून दोन मिनिटांच्या अंतरावर असलेल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझी १८,५०० रुपयांची फसवणूक झाली. त्यांपैकी १४,००० रुपये यूपीआयने गेले आणि ४,५०० रुपये किमतीचे माझे स्वतःचे, उत्तम चालणारे ग्राफिक्स कार्ड मी माझ्या हाताने त्या माणसाला दिले. या रकमेत माझ्या अकरावीतल्या मुलाने दोन वर्षे साठवलेले ६,००० रुपये होते. आठ दिवस मी हे घराबाहेर ओळखीच्या कोणालाही सांगितले नाही, कारण मी भोसरीतल्या एका कंपनीच्या लेखा विभागात एकोणीस वर्षे पुरवठादारांची बिले तपासतो आणि मला फसवले गेले ते एका बिलाच्या आधाराने.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ज्यांना ज्यांना हे कळले त्यांचा पहिला प्रश्न 'मुळात जुने कार्ड घ्यायला गेलातच कशाला?' हाच होता. आमच्या घरच्या यंत्रात, म्हणजे संगणकात, बी४५० मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) आहे. त्यावर पूर्वी रायझन ५ २६०० हा प्रोसेसर होता. मागच्या दिवाळीत बायोस, म्हणजे बोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून आम्ही त्याच बोर्डवर रायझन ५ ५६०० बसवला. जुना बोर्ड, जुनी रॅम तशीच ठेवून एवढा फरक पडतो हे पाहिल्यावर पुढचा टप्पा ग्राफिक्स कार्डाचा होता, कारण जीटीएक्स १६५० ची ४ जीबी मेमरी नव्या खेळांना अपुरी पडत होती. नवे आरटीएक्स ४०६० घ्यावे असे अनेकांनी सुचवले. पण ते कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्डाला मदरबोर्डशी जोडणाऱ्या मार्गाच्या) आठच लेन वापरते आणि बी४५० वरचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा आहे, म्हणजे तिथे त्या जोडणीची रुंदी निम्मी आणि प्रत्येक लेनचा वेगही निम्मा. शिवाय त्याची मेमरी ८ जीबी. याउलट २०२१ मध्ये आलेले आरटीएक्स ३०६० सोळा लेन वापरते आणि त्याची मेमरी १२ जीबी आहे. आमच्या बोर्डसाठी, आमच्या खिशासाठी तेच योग्य होते. हा निर्णय मी आणि मुलाने तीन आठवडे वाचून घेतला होता आणि तो निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. (त्याच नावाने ८ जीबीचे एक ३०६० सुद्धा विकले जाते, त्याचा मेमरीपर्यंतचा मार्ग, म्हणजे मेमरी बस, १९२ ऐवजी १२८ बिटचा आहे. जाहिरातीत नुसते '३०६०' लिहिले असेल तर आधी मेमरी विचारा.)

ज्या जाहिरातीवरून मी गेलो तिच्यात कार्डाची किंमत १८,५०० होती. त्या आठवड्यात मी पाहिलेल्या इतर जाहिराती १७ ते २० हजारांच्या दरम्यान होत्या, त्यामुळे 'स्वस्ताच्या लोभाने गेलात' हा आरोप मला मान्य नाही. विकणारा स्वतःला दुकानदार म्हणवत होता, 'ओपन बॉक्स माल आहे, बिल मिळेल, दीड वर्षाची वॉरंटी शिल्लक आहे' असे सांगत होता. ५५० वॉटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) त्याने ३,४०० ला देऊ केला. आमचा जुना ४५० चा होता आणि ३०६० ला किमान ५५० चा असावा अशी शिफारस असते, म्हणून तोही ठरवला. एकूण २१,९००. आमचे जीटीएक्स १६५० तो ४,५०० ला परत घेणार होता. उरले १७,४००. त्यांतले २,००० 'माल राखून ठेवण्यासाठी' आदल्या दिवशी पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर दुकानाचे नाव न येता एका स्त्रीचे नाव आले. मी फोन करून विचारले, तर तो म्हणाला, 'काका, वहिनींचं खातं आहे, दुकानाच्या खात्याची लिमिट संपलीये.' हे उत्तर मी मान्य केले. दुकान म्हणून पैसे मागणाऱ्याचे खाते दुकानाच्या नावाने नसेल तर तिथेच थांबा.

शनिवारी संध्याकाळी मी एकटाच गेलो, कारण मुलाचा क्लास होता. खोलीत टेबलावर एक उघडे यंत्र, भिंतीला रिकाम्या पेट्यांची रास, खिडकीला निळा पडदा. त्याने प्रथम माझे १६५० मागितले, स्वतःच्या यंत्रात लावून पाहिले, 'चांगलं ठेवलंय काका' म्हणाला आणि ते मागच्या खोलीत नेऊन ठेवले. मग ३०६० लावले. मी अडाण्यासारखे नुसते पाहत बसलो नाही. कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्राम उघडायला लावला, त्यात ३५८४ शेडर (कार्डातले गणन करणारे छोटे घटक, म्हणजेच कोर), १२ जीबी, १९२ बिट हे तिन्ही आकडे वाचले. पंधरा मिनिटे एक खेळ चालवला, तापमान पाहिले. ते कार्ड खरे होते. याबद्दल मला आजही शंका नाही.

आणि मग तो क्षण आला, जो मी गेला महिनाभर रोज रात्री पुन्हा पाहतो. त्याने यंत्र बंद केले, कार्ड काढले, हातातल्या हातात फिरवून म्हणाला, 'गरम आहे, दोन मिनिटं थंड होऊ दे, तोवर तुम्ही बिल चेक करून घ्या.' त्याच्या मदतनीस मुलाने कार्ड आणि पेटी उचलून आत नेली आणि माझ्यासमोर छापील बिल आले. मी काय काम करतो हे मीच त्याला फोनवर बोलता बोलता सांगितले होते. मी बिल वाचू लागलो, कारण ती माझी एकोणीस वर्षांची सवय आहे. मूळ किंमत १८,५५९.३२, सीजीएसटी (केंद्राचा वाटा) नऊ टक्क्यांनी १,६७०.३४, एसजीएसटी (राज्याचा वाटा) तेवढाच, बेरीज बरोबर २१,९००. मी मोबाइलवर गुणाकार करून पाहिला. पैशापैशाचा हिशेब जुळत होता आणि त्या जुळण्यानेच माझा उरलासुरला संशय संपला.

त्या बिलावर वर जीएसटी क्रमांक होता. पंधरा अक्षरांचा. त्याचे पहिले दोन आकडे ०७ होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७. दिल्लीचे ०७. पत्ता बुधवार पेठ, पुणे असा छापलेला, कर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा फोडलेला, आणि नोंदणी दिल्लीची. असे बिल असूच शकत नाही. दिल्लीच्या नोंदणीवरून पुण्याला माल विकला तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर, लागतो. हे कार्यालयात मला नवशिका मुलगाही विचारत नाही, इतके ते प्राथमिक आहे. महिन्याला दोन-तीनशे बिलांवर माझी नजर सर्वात आधी त्याच दोन आकड्यांवर जाते. त्या दिवशी ती बेरजेवर गेली, आणि मी बेरीज पाहत असताना आतल्या खोलीत कार्ड बदलले गेले.

पेटी बाहेर आली तेव्हा ती चिकटपट्टीने बंद होती आणि 'सील तुटल्यास वॉरंटी नाही' असे लेबल लावलेले होते. उघडून दाखवा असे म्हणायला हवे होते. पण त्याने सर्व काही चालवून दाखवल्यानंतर असे म्हणणे मला उद्धटपणाचे वाटले. १५,४०० पाठवले आणि निघालो.

रविवारी सकाळी आम्ही पेटी उघडली. कार्ड रुपेरी पिशवीतून बाहेर काढताच मुलगा म्हणाला, 'बाबा, याला निळं पोर्ट कसं काय?' ते व्हीजीएचे, म्हणजे जुन्या मॉनिटरांच्या ॲनालॉग जोडणीचे, पोर्ट होते. या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २०१६ च्या '१०' मालिकेपासून कार्डांमधून ॲनालॉग जोडणीच काढून टाकली. ३०६० ला व्हीजीए नसतेच, डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय असतात. वीजजोडणी आठ पिनांऐवजी सहा पिनांची होती. तरीही आशेने आम्ही ते बसवले. विंडोजमध्ये नाव आले जीटीएक्स १०५० टीआय. जीपीयू-झेडमध्ये त्याच नावाच्या आधी कंसात 'फेक' असा शब्द आला आणि चिपच्या जागी जीएफ११६. म्हणजे मार्च २०११ मध्ये आलेल्या जीटीएक्स ५५० टीआयची चिप, १९२ कोर, जिच्या बायोसमध्ये फेरफार करून तिला दुसऱ्या कार्डाचे नाव दिलेले आहे. एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे २०१८ मध्येच थांबवले. ३५८४ कोरचे पैसे देऊन आम्ही १९२ कोर घरी आणले होते. एसएमपीएस मात्र खरा निघाला, आणि म्हणूनच माझे नुकसान २१,९०० नव्हे तर १८,५०० आहे. रायझन ५ ५६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसते; त्यामुळे १६५० गेल्यावर आमच्या यंत्राच्या पडद्यावर चित्र येण्याचाही दुसरा मार्ग उरला नाही.

फोन लागत होता, कोणी उचलत नव्हते. 'चुकून पेटी बदलली असेल' असे स्वतःला समजावत मी रविवारचा पूर्ण दिवस वाया घालवला. हे करू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच तासाला फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती अडवता येते. मी सोमवारी दुपारी केला, तोवर खाते रिकामे झाले होते.

सोमवारी सकाळी इमारतीत गेलो तर खोलीला कुलूप. खाली कित्येक वर्षे वायरींचे दुकान चालवणाऱ्या गृहस्थांनी सांगितले की ही मंडळी तीन महिन्यांपूर्वी लिव्ह अँड लायसन्सवर आली होती आणि माझ्या आधी आणखी दोघे अशीच पेटी हातात घेऊन येऊन गेले. त्या गल्लीतल्या एका जुन्या संगणक-दुकानदाराने कार्ड उघडून, फोटो काढून, एक रुपयाही न घेता मला कागदावर लिहून दिले की आतली चिप कोणती आहे. संपूर्ण बुधवार पेठेला नावे ठेवू नका. मला जी काही मदत मिळाली ती त्याच पेठेत मिळाली.

ज्यांच्याकडून मिळायला हवी होती त्यांच्याकडून मिळाली नाही. पहिल्या चौकीत मला सांगण्यात आले की हा देवाणघेवाणीचा वाद आहे, ग्राहक आयोगाकडे जा. मी म्हणालो की दाखवली एक वस्तू आणि दिली दुसरी, बिल खोटे, नोंदणी दुसऱ्याची. ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक नाही तर काय आहे? त्यावर उत्तर मिळाले की तुम्ही राहता तिथल्या ठाण्यात जा, पैसे तिथून गेले. तिथे गेलो तर म्हणाले की व्यवहार पेठेत झाला, तिथे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापून नेले होते. तो कागद वाचलाही गेला नाही. 'साहेब, अठरा हजारांसाठी किती फेऱ्या मारणार?' असे मला विचारण्यात आले. मी चार फेऱ्या मारल्या, दोन अर्ध्या रजा घेतल्या, आणि चौथ्या वेळी माझा अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारून पोच देण्यात आली. गुन्हा आजही नोंदवलेला नाही. वरिष्ठांकडे लेखी तक्रार टपालाने पाठवली आहे. त्याचेही उत्तर नाही.

बँकेत गेलो, तर 'पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार अधिकृत आहे' या एका वाक्यावर माझी बोळवण झाली. ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्याची ओळखपत्रे कोणीतरी तपासूनच ते उघडले असेल ना? ती स्त्री कोण, हे विचारण्याचा अधिकार मला नाही, आणि ज्यांना आहे ते विचारत नाहीत. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, हे सर्व खरे आहे; पण नोटीस कोणाला पाठवायची? जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घातला तर दिल्लीतल्या एका कापडाच्या पेढीचे नाव आले. त्यांचाही यात बळी गेला आहे. तो शोध घ्यायला लॉगिन लागत नाही, अर्ध्या मिनिटाचे काम आहे, आणि ते मी पैसे दिल्यानंतर दोन दिवसांनी केले.

जुने कार्ड आधी देऊ नका. नवे आपल्या यंत्रात, आपल्या घरी चालू झाल्यावरच ते हातातून सोडा. शक्य असेल तर स्वतःचे कॅबिनेट घेऊन जा. चालताना पाहिलेले कार्ड एका क्षणासाठीही नजरेआड जाऊ देऊ नका. ते 'गरम' असेल तर तुमच्यासमोर टेबलावर थंड होऊ दे. त्याच्या मागच्या बाजूच्या अनुक्रमांकाचा फोटो काढा आणि पेटीवरच्या व बिलावरच्या क्रमांकाशी तिथेच जुळवा. मी फक्त पेटीवरच्या क्रमांकाचा फोटो काढला होता. पेटी खरीच होती.

मागच्या गुरुवारी मुलाने मला नवी जाहिरात दाखवली. विक्रेत्याचे नाव वेगळे आहे, पत्ता आता हडपसरचा आहे, किंमत १७,९०० आहे, आणि फोटोत टेबलावरच्या कार्डामागे तोच निळा पडदा दिसतो. पेटीवरचा अनुक्रमांक अर्धा दिसतो. त्याचे शेवटचे पाच आकडे माझ्याकडच्या फोटोतल्या आकड्यांशी जुळतात. मी ते दोन्ही फोटो छापून त्याच संध्याकाळी चौकीत नेले. संबंधित अधिकारी बंदोबस्ताला आहेत, सोमवारी या, असे मला सांगण्यात आले. जाहिरात अजून तशीच आहे.