बसस्टँडसमोरचं सेवा केंद्र : पाचपैकी चार तारे

आमच्या तालुक्याच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून जे सेवा केंद्र आहे, त्याबद्दल लिहिते. दोन महिन्यांत हाफ तिकिटावर पाच चकरा झाल्या, तेव्हा लिहायचा हक्क कमावला आहे. एक तारा का कापला ते पुढे येईल.

काम माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. त्यांना 65 पूर्ण होत होती, म्हणजे लाडकी बहीण बंद. म्हणून श्रावणबाळचा, म्हणजे 65 वरच्या गरीब म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा अर्ज. आधी दुसऱ्या एका केंद्रावर 300 रुपये देऊन आलो होतो. पावती नाही, पोच नाही, नुसतं "होऊन जाते". इथला पोरगा मात्र पहिल्या दिवशी अर्ज भरायलाच बसला नाही. पिशवीतले कागद एकेक करून टेबलावर मांडले आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर बोट ठेवलं. "मावशी, हा नाही चालत. चाळीस हजाराचा आहे. एकवीसच्या आत लागते."

दाखला खरा होता. मुदतीतला, सहीशिक्क्याचा. राशनच्या कामासाठी काढला होता. तेव्हा तलाठी कार्यालयात पहिला प्रश्न झाला होता, "कशासाठी पाहिजे?" जाऊबाई म्हणाल्या राशनसाठी, आणि आकडा पडला 40 हजार. किती कमावता, हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

पोरानं एका वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीमागे आकडे लिहून दिले. तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे. श्रावणबाळ, निराधार : 21 हजार. राशनचं प्राधान्य, खेड्यात : 44 हजार. लाडकी बहीण : अडीच लाख. सगळे वर्षाचे. म्हणजे त्या दिवशी, त्याच लुगड्यात, जाऊबाई लाडकी बहीणसाठी गरीब, राशनसाठी गरीब आणि श्रावणबाळसाठी खात्यापित्या घरच्या. त्या मला म्हणाल्या, "मी गरीब हावो का नाई, थे त एकडाव सांगा म्हना याईले."

बाकावर बसून मी हिशेब केला. निंदणाची मजुरी आमच्याकडे अडीचशे. 21 हजार म्हणजे 84 दिवस. पावसाळाभर निंदण आणि दिवाळीनंतर कापसाची वेचणी एवढं अंगानं झेपलं, की सरकारच्या लेखी बाई निराधार नाही. आणि पगार (आमच्याकडे या पैशाला पगारच म्हणतात) सुरू झालाच तर महिन्याचे दीड हजार, वर्षाचे 18 हजार.

सरकारचं पहिल्यापासून असंच. 2002 च्या दारिद्र्यरेषेच्या सर्व्हेत 13 प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, जितके गुण कमी तितकं घर गरीब. माणशी कपडे किती, हासुद्धा एक प्रश्न. घरात पंखा, टीव्ही, रेडिओ आहे का. घरातला सर्वांत शिकलेला माणूस किती शिकला. आमचे भासरे (थोरले दीर) मॅट्रिक पास, आणि पंखा जाऊबाईंच्या माहेरून आलेला. मॅट्रिकला नोकरी लागली नाही, गुण मात्र लागले. यादीतलं नाव हुकलं ते हुकलंच.

2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेत आमची पाळी आली. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा 50 हजार किंवा त्यावर असली की घर आपोआप यादीबाहेर. दुचाकी असली तरी बाहेर. आमच्याकडे दोन्ही. ज्याला कर्ज मिळतं तो गरीब नाही, हे यवतमाळ जिल्ह्यात बसून कोणी ठरवलं असेल असं वाटत नाही.

राशनचंही तेच. भिंतीच्या इकडे आम्ही, तिकडे त्या. वाटणीचं वावर तीन-तीन एकर, कोरडवाहू. त्यांच्या केशरी कार्डावर प्राधान्याचा शिक्का, म्हणून माणशी 5 किलो धान्य, सध्या फुकट. आमच्या केशरीवर तो शिक्का नाही. आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांतले शेतकरी म्हणून आम्हाला 2015 पासून दोन रुपयांचा गहू, तीन रुपयांचा तांदूळ मिळायचा. 2023 मध्ये धान्य बंद करून माणशी दीडशे रुपये खात्यात टाकायचं ठरलं. 2024 मध्ये त्याचे 170 झाले. तेवढ्यात महिन्याचा पाच किलो बरा तांदूळ कुठं मिळतो, ते कोणाला माहीत असेल तर खाली पत्ता द्या.

तर केंद्राचं. दरफलक दारातच आहे, तेवढेच पैसे घेतात, पावती देतात. झेरॉक्सचे पानाला दोन रुपये वेगळे, पण आधी सांगून. मला सगळ्यात आवडलं ते अंगठ्याचं. जाऊबाईंच्या बोटावरच्या रेघा निंदणानं आणि बोंडांनी कधीच्या खाल्ल्या. मशीनवर तीनदा लाल दिवा लागला. मागची रांग कुरकुरायला लागली. पोरानं टेबलाखालून ओलं फडकं काढलं, त्यांचं एकेक बोट पुसलं, कोरडं केलं आणि डाव्या हाताची अंगठीची, करंगळीची बोटं पाळीपाळीनं ठेवून पाहिली. एका बोटाला हिरवा लागला. "मजुरीवाल्या बायांचा अंगठा लागतच नाही मावशी, हे बोट ध्यानात ठेवा." राशन दुकानातही त्या आता तेच बोट देतात.

दुसरं म्हणजे, "इतकं इतकं उत्पन्न सांगा" असं त्यानं शिकवलं नाही. तलाठी चौकशी करतील तेव्हा मजुरीचे दिवस मोजून सांगा, एवढंच म्हणाला. जाऊबाईंनी मोजले. यंदा पाऊस लागून राहिला, निंदणाचे दिवस बुडाले, वेचणीही कमीच. वावर बटईनं दिलेलं. पोरगा पुण्याकडे, त्याचं कार्ड वेगळं. कार्यालयात पहिला प्रश्न तोच, "कशासाठी पाहिजे?" श्रावणबाळ म्हटल्यावर आकडा पडला 20 हजार. काय धरलं, काय सोडलं, मी विचारलं नाही.

कापलेला तारा : साइट बंद असली तर पोरगा फोन उचलत नाही. दोन चकरा अशाच गेल्या. बायांसाठी सोय नाही, बसस्टँडवर जावं लागतं, आणि तिथलं काय सांगू. बाजाराच्या दिवशी जाऊच नका. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत न्या, कूलरचं पाणी थेट बाकावर उडतं.

अर्ज गेला, पोच मिळाली. आता तालुक्याच्या समितीची बैठक होईल तेव्हा कळेल. परतीच्या बसमध्ये मी 40 हजाराचा जुना दाखला फाडायला काढला, तर जाऊबाईंनी हात धरला. "फाडू नको व माय. दोन्ही राहू दे. राशनवाल्यानं मांगला त थोच दाखवा लागन."