‘निकोटीन नाही, म्हणून चालतं’ : 42,800 रुपयांना पडलेलं वाक्य

आमचे हे गेली 22 वर्षं सिगारेट ओढतात. नाशिकच्या सातपूरला कारखान्यात शिफ्टची नोकरी, दिवसाला दहा-बारा सहज होतात. मागच्या दिवाळीत माझ्या दिरांची बायपास झाली. हॉस्पिटलच्या जिन्यात उभे राहून हे म्हणाले, "आता बस." आणि खरंच चार दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी नाइट करून आले तेव्हा शर्टाला वास होता. मी काही बोलले नाही, पण डोक्यातून ते जाईना.

त्याच काळात मोबाइलवर एक रील समोर आली. निळं पेन, म्हणजे व्हेप किंवा ई-सिगारेट, त्यातून वाफ, आणि खाली मराठीत मजकूर : "सिगारेट सोडा, 30 दिवसांत. नाहीतर पैसे परत." मी मेसेज केला. पलीकडचा माणूस अगदी घरच्यासारखं बोलत होता. "ताई, बंदी निकोटीनवाल्या व्हेपवर आहे. आपलं हर्बल आहे, निकोटीन शून्य टक्के, म्हणून चालतं. लंडनला तर डॉक्टर स्वतः देतात." मी 2,800 रुपये पाठवले. पैसे दुकानाच्या नव्हे, एका माणसाच्या नावावर गेले. पतसंस्थेत नोकरी करते मी, रोज लोकांचे व्यवहार बघते. हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

पार्सल तिसऱ्या दिवशी आलं. बॉक्सवर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, छापील किंमत नाही. ह्यांना पुदिन्याची चव आवडली. पहिल्या आठवड्यात सिगारेट पाचवर आली, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. पण पेन मात्र हातातून सुटेना. वास येत नाही म्हणून अंथरुणात, बाथरूममध्ये, टीव्हीपुढे, सारखं सुरूच. सिगारेट निदान संपते तरी, याला शेवटच नाही. मग रात्री छातीत धडधड, सकाळी मळमळ. एका रविवारी बॉक्स उचलून उजेडात धरला. ‘0 %’ लिहिलेला गोल स्टिकर एका कडेने सुटला होता. नखाने ओढला. खाली छापलेलं होतं : 5 टक्के, 50 मिलिग्रॅम.

म्हणजे एका मिलिलिटर द्रवात 50 मिलिग्रॅम निकोटीन. ज्या लंडनचं नाव मला सांगितलं गेलं, त्या ब्रिटनमध्ये मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर विकायला परवानगीच नाही. आणि वापरून फेकायची ही पेनं तिथे 1 जून 2025 पासून पूर्ण बंद आहेत. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं की सिगारेट सोडवायच्या नादात मी नवऱ्याच्या हातात जास्त जहाल वस्तू दिली.

मी त्या माणसाला स्टिकरचा फोटो पाठवला आणि पैसे परत मागितले. त्याने मला ब्लॉक केलं. मला वाटलं, गेले 2,800, विषय संपला.

दोन दिवसांनी पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभाचं चित्र. माझं पूर्ण नाव, घरचा पत्ता, पार्सल आल्याची तारीख, सगळं त्याच्याकडे होतं. "मॅडम, तुमच्या नावावर बंदी असलेला परदेशी माल आलाय. नार्कोटिक्सची केस आहे. 2019 च्या कायद्यात एक वर्षाची कैद, एक लाख दंड. घरातल्या कुणाला सांगितलंत तर त्यांचंही नाव घालावं लागेल." मी डबा तसाच ठेवून जिन्यात जाऊन बसले. ह्यांची नोकरी जाईल, मुलीची बारावी आहे, पेपरात नाव येईल, एवढंच डोक्यात. "सेटलमेंट" म्हणून आधी 18,000 पाठवले आणि संध्याकाळी 22,000. रात्री परत फोन, आता वरच्या साहेबांसाठी 35,000. तेवढे माझ्याकडे नव्हतेच, म्हणून मी थांबले. असते तर गेले असते.

रात्री साडेदहाला मी भाच्याला फोन केला. तो वकिली करतो. त्याने पहिलं काम सांगितलं ते 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावण्याचं. मग घरी येऊन कायदा उघडून माझ्यासमोर ठेवला.

2019 च्या त्या ई-सिगारेट बंदीच्या कायद्यातली व्याख्याच बघा. कुठलाही पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ तयार करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, मग त्यात निकोटीन असो वा नसो. ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता तापवणारी साधनंही त्यातच येतात. म्हणजे "निकोटीन नाही, म्हणून चालतं" हे वाक्यच खोटं आहे. भारतात कुठलंही व्हेप कायदेशीर मिळत नाही, हर्बल नाही की फळांच्या चवीचं नाही. सप्टेंबर 2019 मध्ये आधी अध्यादेश आला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला.

आता शिक्षा. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे आकडे त्या माणसाने बरोबर सांगितले होते. पण ते बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला, विकणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला. जागेत साठा ठेवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘वापर’ हा शब्द या कलमांत नाही. आरोग्य मंत्रालयाचं म्हणणं मात्र असं आहे की कितीही प्रमाणात जवळ बाळगणं हे उल्लंघनच. त्यावर वकिलांत दोन मतं आहेत, म्हणून ‘एखादं ठेवलं तर काय होतं’ असं कुणी समजू नये. पण दंड कोर्ट ठरवतं. वर्दीतला माणूस मोबाइलवर दंड घेत नाही, तशी पद्धतच कायद्यात नाही. आणि नार्कोटिक्सचा कायदा 1985 चा, तो वेगळा. निकोटीन त्यात येत नाही.

या बंदीवरून वाद आहे आणि तो मला आता नीट समजतो. एक बाजू म्हणते, टपरीवर बिडी-सिगारेट राजरोस मिळते, मग त्याहून कमी धुराची वस्तूच का बंद? ब्रिटनच्या सरकारने तर 2023 मध्ये सिगारेट ओढणाऱ्या दहा लाख लोकांना ती सोडण्यासाठी व्हेप फुकट द्यायची योजना जाहीर केली. दुसरी बाजू आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेची. त्यांनी 2019 मध्येच पूर्ण बंदीची शिफारस केली, कारण कधी सिगारेट न ओढलेली पोरं यातून निकोटीनला लागतात. माझ्या मुलीच्या क्लासमधली दोन मुलं दप्तरात हेच पेन घेऊन फिरतात, म्हणून मी बंदीच्या बाजूने आहे. पण गुटखा महाराष्ट्रात 2012 पासून बंद आहे आणि कुठे मिळतो हे आपल्याला माहीत आहे. नुसत्या बंदीने माल थांबत नाही, तो आडून येतो. आडून आलेल्या मालाला बिल नाही, पत्ता नाही, आत काय भरलंय ते सांगणारं कुणी नाही. आणि गिऱ्हाईक तक्रार करायला घाबरतं. त्या लोकांचा सगळा धंदा या भीतीवर चालतो. मला विकणारा आणि मला धमकावणारा एकच होता. माझी पार्सलची तारीख दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

सायबर पोलिसांनी मला अपराध्यासारखं वागवलं नाही, हे मुद्दाम सांगते. पेन आणि बॉक्स त्यांच्याकडे दिला. 7,400 रुपये पुढच्या खात्यात अडवता आले, बाकीचे तासाभरात निघून गेले होते. दुपारी पहिल्या कॉलनंतर लगेच 1930 लावला असता तर बरेच वाचले असते, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. म्हणून कुणावर अशी वेळ आली तर लाजू नका, आधी तो नंबर लावा. चॅट पुसू नका, बॉक्स फेकू नका.

ह्यांच्यासाठी आम्ही सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर लावला. तो इतकी वर्षं घरात होता, कुणी वाचला नव्हता. डॉक्टरांनी औषधाच्या दुकानात मिळणारं 2 मिलिग्रॅमचं निकोटीन गम सुरू केलंय. सध्या दिवसाला दोन सिगारेटी आहेत, एखाद्या दिवशी चार होतात.

काल तीच रील मला दुसऱ्या नावाच्या अकाउंटवर दिसली. तेच निळं पेन, तोच मजकूर, किंमत 2,499. मी तक्रार नोंदवली. आज सकाळी पाहिलं तेव्हा ती अजून तिथेच होती आणि खाली एका बाईने विचारलं होतं, "मिस्टरांसाठी हवंय, नाशिकला मिळेल का?" तिला मी हे सगळं लिहून पाठवलंय.